माहिती अधिकार, महाराष्ट्र: अर्जापासून आयोगापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातली राज्य सरकारी कार्यालयं, महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती यांच्याकडे माहिती मागणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून किचकटाकडे आहे. रेल्वे, पोस्ट, पासपोर्ट अशा केंद्राच्या कार्यालयांचे नियम थोडे वेगळे आहेत. तो फरक जिथे नडतो तिथे सांगितला आहे.

१. कायदा तर केंद्राचा आहे. मग "महाराष्ट्राचे नियम" ही काय भानगड?

कायदा एकच आहे: माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. तो १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. (त्याआधी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होता, तो अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने आला. गोव्याने तर १९९७ मध्येच कायदा केला होता.) या कायद्याच्या कलम २७ ने शुल्क आणि अपिलाची पद्धत ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला आहे. त्यामुळे अपिलाचं २० रुपये शुल्क, अर्जाची १५० शब्दांची मर्यादा, जोडपत्र अ (अर्ज), ब (प्रथम अपील), क (द्वितीय अपील) हे नमुने या गोष्टी राज्याच्या नियमांतून आल्या आहेत. मुदती, नकाराची कारणं आणि दंड मात्र देशभर सारखेच.

२. अर्ज कोण करू शकतं? मंडळाच्या लेटरहेडवर केला तर चालेल?

हा अधिकार भारतीय नागरिकाला आहे. संस्था, कंपनी किंवा मंडळ म्हणजे नागरिक नव्हे, असं म्हणून अर्ज परत पाठवता येतो. म्हणून साध्या कागदावर, स्वतःच्या नावाने लिहा. परदेशात राहणारा भारतीय पासपोर्टधारक अर्ज करू शकतो. नागरिकत्व सोडून ओसीआय कार्ड घेतलेल्याला तो करता येत नाही.

माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही, आणि अधिकाऱ्याला ते विचारताही येत नाही, असं कलम ६(२) स्पष्ट म्हणतं. संपर्कापुरता तपशील पुरे.

३. किती पैसे लागतात आणि ते कसे भरायचे?

अर्जाला १० रुपये. प्रथम अपिलाला (त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे) २० आणि द्वितीय अपिलाला (राज्य माहिती आयोगाकडे) २०. (केंद्राच्या कार्यालयांत अपिलाला शुल्क नाही.) साध्या ए-४ पानाच्या छायाप्रतीला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला अर्जाचं आणि माहितीचं शुल्क माफ आहे, पण त्याच्या दाखल्याची प्रत अर्जासोबतच जोडावी लागते, मागाहून नाही.

सगळ्यात सोयीचा मार्ग म्हणजे कोर्ट फी स्टॅम्प. तो अर्जाच्या पहिल्या पानावर चिकटवा. टाचणीने लावलेला स्टॅम्प टपालात गळून पडतो आणि मग "शुल्क भरलेले नाही" असं पत्र येतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पावतीवर लावायचं रेव्हेन्यू तिकीट कोर्ट फी स्टॅम्प समजून लावणं. ते चालत नाही. पोस्टल ऑर्डर केंद्राच्या कार्यालयांसाठी ठेवा.

४. अर्ज कोणाच्या नावे करायचा? चुकीच्या कार्यालयात गेला तर?

अधिकाऱ्याचं नाव शोधत बसू नका. "जन माहिती अधिकारी" आणि खाली कार्यालयाचं नाव, पत्ता एवढं पुरतं. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत अर्ज तिकडे पाठवून तुम्हाला कळवणं हे त्यांचं काम आहे. "आमच्याकडे नाही, तिकडे जा" एवढं लिहून हात झटकता येत नाहीत.

स्वतः जाऊन देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. पुढची सगळी गणितं या शिक्क्यावर चालतात (प्रश्न ९). अर्ज घ्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवा.

५. ऑनलाइन अर्ज करावा की कागदी?

मंत्रालयातल्या विभागांसाठी आणि पोर्टलच्या यादीत असलेल्या कार्यालयांसाठी राज्याचं आरटीआय ऑनलाइन पोर्टल चांगलं आहे. नोंदणी क्रमांक लगेच मिळतो, शुल्क तिथेच भरता येतं आणि प्रथम अपीलही तिथूनच करता येतं. पण यादीत ज्याचं नाव नाही अशा ग्रामपंचायतीचा किंवा उपविभागाचा अर्ज "जवळचं वाटलं" म्हणून मंत्रालयातल्या विभागाला टाकू नका. तो वरून खाली उतरत येतो आणि वाटेत आठवडे जातात. अशा वेळी कागदी अर्ज थेट त्या कार्यालयात दिलेला बरा.

६. १५० शब्द आणि एकच विषय हे बंधन खरंच आहे का?

आहे. २०१२ च्या दुरुस्तीने ते राज्याच्या नियमांत आलं. अर्ज एका विषयापुरता असावा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. एकाहून जास्त विषय असतील तर अधिकारी पहिल्या विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करा असं सांगू शकतो.

"एक विषय" म्हणजे "एक प्रश्न" नव्हे. एका रस्त्याच्या एका कामाचे सहा कागद हा एकच विषय झाला. रस्ता, कचरा आणि पाणीपट्टी एकाच अर्जात घातली तर तीन विषय झाले. आम्हाला हे बंधन अनावश्यक वाटतं, कारण पाल्हाळ न लावणाऱ्याचा अर्जही नाकारायला ते अधिकाऱ्याला एक सबब देतं. तरी नियम आहे तोवर पाळणंच शहाणपणाचं.

७. "हे काम निकृष्ट का झालं?" असं विचारलं तर "माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर आलं. हे बरोबर आहे का?

दुर्दैवाने बरोबर आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात सांगितलं की "का" या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात म्हटलं की कार्यालयाकडे अभिलेखात जे आहे तेवढंच द्यायचं. नवं तयार करून द्यायला, मत किंवा सल्ला द्यायला अधिकारी बांधील नाही.

निम्म्याहून जास्त अर्ज इथेच गळतात असा आमचा अनुभव सांगतो. तेव्हा प्रश्न विचारायचा नाही, कागद मागायचा. रस्त्याचं उदाहरण घ्या. असं लिहू नका:

"आमच्या गल्लीतला रस्ता सहा महिन्यांत का उखडला? ठेकेदारावर कारवाई का केली नाही? जबाबदार कोण?"

असं लिहा:

"प्रभाग क्र. … मधील … चौक ते … शाळा या रस्त्याच्या सन २०२३-२४ मधील डांबरीकरणाच्या कामाबाबत पुढील कागदांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, साहित्याचे चाचणी अहवाल, अंतिम देयक, निविदेतील दोषदायित्व कालावधीची अट असलेली पाने, या कालावधीत ठेकेदारास दिलेल्या नोटिसा."

"का"चं उत्तर या कागदांतच मिळतं. अंदाजपत्रकात ५० मिलिमीटरचा थर आणि मोजमाप पुस्तिकेतही ५० मिलिमीटर, पण खड्ड्याच्या कडेला पट्टी लावली तर ३० भरतो, असं दिसलं की पुढचं वेगळं सांगावं लागत नाही. दोषदायित्व कालावधी संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी. नोटिसा दिल्याच नसतील तर "नोटीस दिलेली नाही" हे लेखी उत्तरही उपयोगाचंच असतं.

शिवाय कलम २(ञ) नुसार साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा आणि काम प्रत्यक्ष पाहण्याचाही अधिकार आहे. तो फार कमी लोक वापरतात.

८. कोणता कागद मागायचा हेच माहीत नाही. मग काय करू?

आधी अभिलेख पाहणीची, म्हणजे नस्ती (फाइल) प्रत्यक्ष उघडून पाहण्याची मागणी करा. "अमुक विषयाच्या नस्तीची टिप्पणी व पत्रव्यवहार या दोन्ही बाजूंसह पाहणी करू द्यावी आणि निवडलेल्या पानांच्या प्रती द्याव्यात" असं लिहा. टिप्पणी ही खरी मलई आहे. कोणी काय शेरा मारला, कोणी "चर्चा करावी" लिहून नस्ती परत पाठवली, किती दिवस कुठे पडून राहिली हे सगळं तिथे दिसतं. नस्तीचा क्रमांक माहीत नसेल तर त्या टेबलाच्या कार्यविवरण नोंदवहीची किंवा आवक-जावक नोंदवहीची पाने मागा. तिथून क्रमांक मिळतो.

पाहणीला जाताना पेन्सिल न्या. २०१२ च्या नियमाने पेन बाहेर जमा करावं लागतं, म्हणजे कोणी मूळ कागदावर काही लिहिल्याचा आळ येत नाही. पाहणीचा पहिला तास मोफत असतो. पानांचे क्रमांक टिपून घ्या, आणि क्रमांक नसलेली पानं दिसली तर तेही लिहून ठेवा. एखादं पान पुढे "सापडेनासं" झालं तर ही नोंद कामी येते (प्रश्न १२).

याशिवाय २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हा स्तरावरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीपासून होती. टेबलावर "असं काही नाही" ऐकावं लागलं तर परिपत्रकाची प्रत दाखवा.

९. मुदत नेमकी कशी मोजायची?

एक उदाहरण धरू. अर्जावर आवक शिक्का २ जूनचा आहे.

उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणजे २ जुलै. त्या दिवसापर्यंत काहीच आलं नाही तर तो नकार समजतात. प्रथम अपील त्यानंतर ३० दिवसांत, म्हणजे १ ऑगस्टपर्यंत. समजा तुम्ही १० जुलैला अपील दाखल केलं. त्याचा निर्णय ३० दिवसांत, म्हणजे ९ ऑगस्टपर्यंत, आणि लेखी कारणं नोंदवून फार तर ४५ दिवसांत, म्हणजे २४ ऑगस्टपर्यंत व्हायला हवा. द्वितीय अपिलाला ९० दिवस मिळतात. निर्णय आलाच नसेल तर ९ ऑगस्टपासून मोजा आणि ७ नोव्हेंबरच्या आत दाखल करा. २४ ऑगस्टपासून मोजायची जोखीम घेऊ नका.

अपवाद तीन. व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती असेल तर ४८ तास. अर्ज सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे दिला असेल तर ५ दिवस जास्त. त्रयस्थ पक्षाचा (तुम्ही आणि कार्यालय सोडून तिसऱ्या कोणाचा, उदा. ठेकेदाराचा) प्रश्न आला तर ४० दिवस (प्रश्न १४).

१०. "४,३०० पाने आहेत, ८,६०० रुपये भरा" असं पत्र आलं. भरायलाच हवेत का?

आधी पत्राची तारीख पाहा. मुदत उलटल्यावर पत्र आलं असेल तर कलम ७(६) प्रमाणे माहिती मोफत द्यावी लागते. मुदतीच्या आत आलं असेल तर त्यात पानांची संख्या, दर, हिशेब आणि या आकारणीविरुद्ध अपील कोणाकडे करायचं हे असायलाच हवं. पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरत नाहीत, म्हणून काही जण मुद्दाम २९ व्या दिवशी पत्र काढतात.

अशा वेळी प्रती न मागता पाहणी मागा आणि कामाची चाळीस पानं निवडा. "माहिती विस्तृत आहे, कार्यालयाचं मनुष्यबळ वळवावं लागेल" म्हणून कलम ७(९) खाली सरळ नकार आला तर तो चूक आहे. त्या कलमाने माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची ते बदलता येतं, माहिती नाकारता येत नाही.

११. हल्ली प्रत्येक उत्तरात "व्यक्तिगत माहिती, कलम ८(१)(ञ)" असं येतं. काही बदललंय का?

हो, आणि बदल मोठा आहे. पूर्वी या कलमाखाली नकार द्यायचा तर दोनपैकी एक गोष्ट दिसावी लागे: त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने खासगीपणावर अवाजवी अतिक्रमण होतं. शिवाय "जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही" असं परंतुक होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सगळं काढून "व्यक्तिगत माहिती" एवढंच ठेवलं. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली.

म्हणजे दार पूर्ण बंद झालं का? तीन वाटा उरतात.

पहिली, कलम ८(२). गोपनीयतेपेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. ते हित काय हे मात्र आता तुम्हीच सांगायला हवं. अर्जात कारण द्यावं लागत नाही (प्रश्न २), पण अपिलात हा मुद्दा चार ओळींत मांडा: किती सार्वजनिक पैसा, कोणाचं नुकसान, कोणत्या नियमाचा भंग.

दुसरी, कलम ४(१)(ख). अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन, अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील, सवलती आणि परवाने मिळालेल्यांची माहिती कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. घरकुलाची किंवा शेततळ्याची लाभार्थी यादी मागताना "कलम ४(१)(ख) अन्वये प्रसिद्ध करणे बंधनकारक असलेली यादी" असे शब्द वापरा.

तिसरी, कलम १०. आधार क्रमांक, बँक खातं, घरचा पत्ता झाकून बाकी कागद द्या अशी मागणी अर्जातच करा. पूर्ण कागद नाकारण्याची सबब त्यामुळे दुबळी होते.

एखाद्या कर्मचाऱ्याचं सेवापुस्तक, मालमत्ता विवरण, त्याला दिलेले मेमो यांच्या मागे लागण्यात दुरुस्तीआधीही फारसं यश नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा गिरीश देशपांडे निकाल आडवा येई. आता तर त्यात वेळ घालवू नका.

१२. "अभिलेख आढळून येत नाही" असं उत्तर आलं. पुढे काय?

या उत्तराला कायद्यात जागा नाही. नकाराची कारणं कलम ८ आणि ९ मध्ये मोजून दिली आहेत आणि "सापडत नाही" हे त्यांत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात हेच म्हटलं: कागद कधीतरी कार्यालयात होता असं दिसत असेल तर कसून शोध घ्या, चौकशी करा, जबाबदारी निश्चित करा.

प्रथम अपिलात या गोष्टी मागा: नस्ती कोणाकडून कोणाकडे गेली त्या हस्तांतरणाच्या नोंदी, अभिलेख कक्षात ती जमा झाल्याची नोंद, आणि नष्ट केली असेल तर नाश करण्याचा आदेश व यादी. सरकारी कागदांचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण असतं. "अ" वर्ग कायमचा जपायचा, "ब" तीस वर्षं, "ड" सगळ्यात कमी काळ. कागद कोणत्या वर्गात होता हे एकदा लेखी आलं की "जुना होता, गेला असेल" ही पळवाट बंद होते.

महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार अभिलेख बेकायदा नष्ट करण्याला ५ वर्षांपर्यंत कारावास किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. अपिलात या कायद्याचं नाव आलं की हरवलेल्या नस्त्या बऱ्याचदा कपाटामागून निघतात.

१३. "चौकशी चालू आहे" म्हणून नाकारलं.

नुसती चौकशी चालू असणं पुरत नाही. कलम ८(१)(ज) ला तपासात अडथळा येईल असं दिसावं लागतं, आणि तो कसा येईल हे अधिकाऱ्याने सांगायचं असतं. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचं ओझं कलम १९(५) प्रमाणे त्याच्यावरच आहे.

१४. ठेकेदाराने "माझी माहिती देऊ नका" असं कळवलं. मग विषय संपला का?

नाही. त्रयस्थ पक्षाला कलम ११ खाली म्हणणं मांडायची संधी मिळते, नकाराधिकार मिळत नाही. ५ दिवसांत त्याला नोटीस, १० दिवसांत त्याचं म्हणणं, आणि निर्णय अधिकाऱ्याचा. शिवाय हे कलम त्या पक्षाने गोपनीय म्हणून दिलेल्या माहितीपुरतं आहे. मंजूर निविदा आणि अदा झालेलं देयक त्यात ओढू नये.

१५. आमची हाउसिंग सोसायटी माहिती देत नाही. तिला आरटीआय लावता येईल?

थेट नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या थलाप्पलम निकालानुसार सरकारचा भरीव निधी किंवा खरंखुरं नियंत्रण नसलेली सहकारी संस्था "सार्वजनिक प्राधिकरण" ठरत नाही. पण सोसायटीचे जे कागद उपनिबंधकाकडे (सोसायट्यांवर देखरेख करणारा सहकार खात्याचा अधिकारी) आहेत किंवा कायद्याने तो मागवू शकतो, ते उपनिबंधक कार्यालयात अर्ज करून मागता येतात: लेखापरीक्षण अहवाल, दोषदुरुस्ती अहवाल, निवडणुकीचे कागद. सभासद म्हणून सोसायटीकडे थेट कागद मागायचे तर सहकारी संस्था कायद्याचा आधार घ्या, तो जास्त जवळचा आहे. विनाअनुदानित खासगी शाळेबाबतही हीच युक्ती, शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत.

१६. प्रथम अपिलात काय लिहायचं? त्याच कार्यालयातला साहेब ऐकणार, मग उपयोग काय?

साहेब तिथलाच असला तरी हा टप्पा टाळून द्वितीय अपील करता येत नाही. जोडपत्र ब, २० रुपयांचा स्टॅम्प, अर्जाची प्रत, पोच आणि आलेलं उत्तर एवढं जोडा. मुद्देनिहाय लिहा: कोणता कागद मागितला, काय उत्तर आलं, ते का चूक आहे. भाषणबाजी नको. सुनावणीला गेलात तर रोजनाम्यावर (सुनावणीच्या लेखी नोंदीवर) सही करण्याआधी तो वाचा. "अर्जदाराचे समाधान झाले" हे वाक्य तिथे अनेकदा आयतं लिहिलेलं असतं.

१७. आयोगाकडे तक्रार करू की द्वितीय अपील?

माहिती हवी असेल तर कलम १९(३) खाली द्वितीय अपीलच. कलम १८ च्या तक्रारीत आयोग दंड करू शकतो, माहिती द्यायला लावू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या मणिपूर प्रकरणात सांगितलं आहे. जोडपत्र क भरून तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे पाठवा. मुंबईतल्या मुख्यालयाबरोबर बृहन्मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर इथे खंडपीठं आहेत. चुकीच्या खंडपीठाकडे गेलेलं अपील फिरत राहतं.

१८. अधिकाऱ्याला दंड होतो का? तो पैसा मला मिळतो का?

दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये, पगारातून वसूल. तो सरकारजमा होतो. तुम्हाला झालेल्या नुकसानीची भरपाई वेगळी असते. ती कलम १९(८)(ख) खाली मागावी लागते, आणि खर्चाच्या पावत्या जोडल्या तरच काही हाती लागतं. माहिती अधिकाऱ्याने कागद मागितले पण अभियंत्याने किंवा लिपिकाने दिले नाहीत, तर कलम ५(५) प्रमाणे तोही जन माहिती अधिकारी समजला जातो आणि दंड त्याला होऊ शकतो.

१९. अर्ज केल्यावर त्रास होईल अशी भीती वाटते.

भीती अनाठायी नाही. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. जमीन, वाळू, ठेके असे विषय असतील तर अर्ज गावातल्या एकट्याच्या नावाने करू नका. दुसऱ्या जिल्ह्यातल्या परिचिताने केला तरी चालतो. पोस्ट बॉक्स क्रमांक देऊन घरचा पत्ता टाळता येतो. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तसं मान्य केलं आहे. माहिती हातात येताच तिच्या प्रती दोन-तीन जणांकडे ठेवा.

२०. केंद्राचा कायदा बदलणं राज्याच्या हातात नाही. मग राज्याकडे नेमकी कोणती सुधारणा मागायची?

राज्याच्या हातात वाटतं त्यापेक्षा बरंच आहे. आयोगात मुख्य आयुक्तांखेरीज दहापर्यंत आयुक्त नेमता येतात. मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेते आणि एक मंत्री अशी समिती नावं सुचवते. २०१९ च्या दुरुस्तीने कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे गेला आणि मुदत तीन वर्षांवर आली, पण जागा वेळेत भरणं राज्याचंच काम राहिलं. पद रिकामं होण्याआधीच प्रक्रिया सुरू करा असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अंजली भारद्वाज प्रकरणात सांगितलं. मुदत तीनच वर्षांची असल्याने जागा आता आणखी लवकर लवकर रिकाम्या होतात. अपील वर्षानुवर्षं पडून राहिलं की ३० दिवसांच्या मुदतीला काही अर्थ उरत नाही.

दुसरी मागणी नियमांची: १५० शब्दांची अट आणि अपिलाचं शुल्क राज्याने घातलं आहे, ते राज्य अधिसूचनेने काढू शकतं. त्यासाठी विधेयक लागत नाही.

तिसरी आणि सगळ्यात मोठी मागणी कलम ४ ची, म्हणजे कार्यालयांनी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याची. राजस्थानने २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल सुरू केलं. रेशन, पेन्शन, रोजगार हमीची माहिती अर्ज न करता गावनिहाय दिसते. आपल्याकडे अनेक कार्यालयांच्या संकेतस्थळांवर १७ मुद्द्यांची माहिती म्हणून जुनी पीडीएफ टांगलेली असते, त्यात बदली होऊन गेलेल्या साहेबांची नावं.

हे तपासायला एक अर्ज पुरतो: "आपल्या कार्यालयाची कलम ४(१)(ख) ची माहिती शेवटची कोणत्या तारखेला अद्ययावत केली, त्या टिप्पणीची साक्षांकित प्रत द्यावी." ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत कुठेही चालतो. शब्द वीसच्या आत, स्टॅम्प दहाचा.